आधी थांबा, मग ठोका!

गुरुवार. रात्रीचे साडेआठ. ऑफिसातली सगळ्यात मोठी कॉन्फरन्स रूम. टेबलावर पिझ्झाचे रिकामे बॉक्स, जमिनीवर वायरींचं जंगल, दहा मशीन्स, दहा हेडफोन्स... आणि मी मेलेलो!

म्हणजे गेममध्ये हो. सलग तिसऱ्यांदा. त्याच जागी. त्याच पोराच्या हातून.

पोरगं म्हणजे आमचा नवा ट्रेनी. जुलैत जॉइन झालेला, सोलापूरकडचा, अजून प्रोबेशनवर. मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल पकडतो आणि अख्खं ऑफिस एकमेकांना नावाने हाक मारत असताना मला मात्र 'सर' म्हणतो. आणि मी? मी २००५ पासून काउंटर-स्ट्राइक खेळतोय बॉस! इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये '१.६' चे आम्ही गुरू. सबमिशन बुडाली, मेसचं जेवण चुकलं, एकदा तर बहिणीच्या साखरपुड्याची गाडी चुकली, पण रात्रीची गेम कधी चुकली नाही. आता घरी २४० हर्ट्झचा मॉनिटर आहे, किंमत बायकोला निम्मी सांगितलेला माउस आहे. आणि हे कालचं पोर मला बोगद्याच्या तोंडाशी तीनदा आडवं करतं?

मॅप होता डस्ट टू. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००१ पासून जगभरची पोरं या वाळवंटी गावात एकमेकांना गोळ्या घालतायत. त्यातला एक अंधारा बोगदा 'बी' साइटवर निघतो. मी एके-४७ घेऊन त्या बोगद्यातून सुसाट निघायचो, तोंडाशी आलो रे आलो की... ठप्प! दोन गोळ्या. दोन्ही डोक्यात. मी त्याला नीट बघितलेलंही नसायचं.

तिसऱ्या वेळी मी हेडफोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काय रे, वॉलहॅक लावलाय की काय?"

वॉलहॅक म्हणजे भिंतीपलीकडचा माणूस दाखवणारं चोरटं सॉफ्टवेअर. गेमिंगच्या दुनियेत यापेक्षा घाण शिवी नाही. लोक हसले. मीपण हसलो. तो नुसता "नाही सर" म्हणाला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. उरलेल्या राउंड्समध्ये त्याने एकालाही मारलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं हो. गंमत गेममध्ये राहिली असती तर! दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्टँडअपला त्याने आपलं काम सांगितलं, तर कोणीतरी म्हणालं, "याचा कोड जरा नीट बघा रे, तोपण हॅक असेल!" पुन्हा हशा. तोही हसला, पण कान लाल झाले होते त्याचे. दुपारी पुढच्या महिन्याच्या टूर्नामेंटची शीट उघडली तर त्याचं नाव गायब. त्याने स्वतःच काढून टाकलं होतं. आणि ऑक्टोबरात त्याच्या प्रोबेशनचा फीडबॅक कोण लिहिणार? अस्मादिक!

शनिवारी घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "त्याने खरंच चीटिंग केलं का?"

"तसंच वाटत होतं."

"वाटत होतं की बघितलंस?"

आता आली का पंचाईत! पण बघण्याची सोय होती. काउंटर-स्ट्राइकची मॅच रेकॉर्ड करता येते. त्या फाइलला म्हणतात 'डेमो'. नंतर ती हव्या त्या खेळाडूच्या डोळ्यांनी, हव्या तेवढ्या स्लो मोशनमध्ये बघता येते. फाइल माझ्याकडे होतीच. चहाचा कप घेऊन बसलो, ट्रेनीच्या डोळ्यांत शिरलो आणि वेग पाव केला.

पुढचे दोन तास माझी जी काही उतरली म्हणता...

आवाज कुणाचा?

पहिली गोष्ट. मी बोगद्यात शिरायच्या आधी तो भिंतीकडे बघतच नव्हता. मी बोगद्यात पळायला लागलो आणि त्याचा नेम सावकाश तोंडाकडे वळला. कारण? माझे बूट! धाड धाड धाड धाड. या गेममध्ये पळताना पावलांचा आवाज होतो आणि तो शत्रूला ऐकू येतो. शिफ्ट दाबून चाललं तर आवाज होत नाही, पण वेग जवळपास निम्म्यावर येतो. मी वीस वर्षांत शिफ्टचा उपयोग मुख्यतः कॅपिटल अक्षरं टाइप करायला केलाय. म्हणजे ज्याला मी वॉलहॅक म्हणत होतो ते त्या पोराचे कान होते.

दुसरी गोष्ट. मी बोगद्याच्या भिंतीला चिकटून बाहेर पडायचो, तो मात्र साइटवर लांब मागे उभा असायचा. आता हा भूमितीचा साधा फंडा आहे. कोपऱ्याच्या जवळ असतो त्याचा खांदा आधी दिसतो आणि कोपऱ्यापासून लांब असतो त्याला तो आधी दिसतो. घरी करून बघा. दाराच्या चौकटीला नाक लावून उभे राहा आणि दुसऱ्याला पलीकडच्या खोलीत लांब उभं करा. तुमचा खांदा त्याच्या नजरेत येईल, तेव्हा तुमचा डोळा अजून चौकटीच्या आडच असेल. मी 'त्याला बघितलंच नाही' म्हणत होतो ते खरंच होतं. त्यात जादू काही नव्हती.

आणि तिसरी गोष्ट, जिने माझी पुरती वाट लावली. तो प्रत्येक गोळी थांबून मारत होता. मी प्रत्येक गोळी पळता पळता मारत होतो.

वेगाचं गणित

तर दोस्तहो, आता जरा आकडे. घाबरू नका, एक्सेल उघडावं लागणार नाही.

काउंटर-स्ट्राइकमध्ये तुम्ही किती जोरात पळता हे तुमच्या हातात काय आहे त्यावर ठरतं. हातात सुरी असेल तर सेकंदाला २५० युनिट. पिस्तूल असेल तर साधारण २४०. एम४ असेल तर २२५, एके-४७ असेल तर २१५, आणि ती एका गोळीत माणूस गार करणारी ऑप स्नायपर असेल तर २००. तिच्या दुर्बिणीतून बघत चाललात तर फक्त १००. युनिट म्हणजे किती? गेममधला उभा माणूस ७२ युनिट उंच असतो. तो सहा फुटी धरला तर सुरीवाला ताशी २३ किलोमीटरने पळतो आणि एकेवाला ताशी २० च्या आसपास. बूट, जॅकेट, बंदूक सगळं घालून!

फरक किरकोळ वाटतो ना? पण २००० युनिटचा रस्ता धरा. सुरी हातात घेऊन ८ सेकंदांत पोचाल, एके घेऊन ९.३ सेकंद. त्या सव्वा सेकंदात समोरचा येऊन, वळून, नेम लावून तुमची वाट बघत असतो. ट्रेनी प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला सुरी काढून पळायचा. मी एके मिरवत. रुबाब नको का?

आता गोळीबार. गेमचा नियम असा की तुम्ही हलत असाल तर गोळी नेमाच्या जागी जात नाही, आजूबाजूला उडते. जितका वेग जास्त तितकी जास्त उडते. तुमचा वेग त्या बंदुकीच्या कमाल वेगाच्या साधारण ३४ टक्क्यांच्या खाली आला की चालण्यामुळे येणारी ही गडबड बंद होते. एकेसाठी हा आकडा निघतो ७३ युनिट. मी मारत होतो २१५ वर! माझा नेम त्याच्या छातीवर होता, हे डेमोत स्वच्छ दिसत होतं. गोळ्या मात्र त्याच्या दोन्ही बाजूंनी वरात गेल्यासारख्या जात होत्या.

मग थांबायचं कसं? तुम्ही म्हणाल, बटण सोडायचं. पण बूट लगेच थांबत नाहीत, जरा घसरतात. नुसतं बटण सोडलं तर २१५ वरून ७३ वर यायला ढोबळमानाने एक पंचमांश सेकंद लागतो. आणि उजवीकडे जाताना डावीकडचं बटण क्षणभर टिचकीसारखं मारलं तर निम्म्याहून कमी वेळात माणूस जागच्या जागी खिळतो. याला म्हणतात काउंटर-स्ट्रेफ. रिक्षावाला स्पीडब्रेकर दिसल्यावर नुसता अॅक्सिलरेटर सोडतो की ब्रेक मारतो, तेवढाच फरक.

एक दशांश सेकंदाने काय होतं, असं विचारताय? एके सेकंदाला दहा गोळ्या मारते. चिलखत घातलेल्या माणसाच्या छातीत चार गोळ्या लागतात, म्हणजे पहिल्या गोळीपासून चौथीपर्यंत ०.३ सेकंद. डोक्यात असेल तर एकच. अख्खी मारामारी जिथे तीन दशांशात संपते, तिथे एक दशांश म्हणजे चैन आहे, राव!

हे प्रकरण किती गंभीर आहे बघा. २०२४ मध्ये काही कीबोर्डांत असं फीचर आलं की दोन उलट बटणं एकत्र दाबली तर शेवटचं दाबलेलं आपोआप जिंकतं. म्हणजे थांबण्याचं कसब कीबोर्डच तुमच्या वतीने करणार. ऑगस्ट २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या वॉल्व्हने आपल्या सर्व्हरवर त्याला सरळ बंदी घातली. थांबता येणं ही खेळाडूची कला आहे आणि ती दुकानातून विकत घेता येणार नाही, असा साधा हिशेब.

प्रत्येक गावाची चाल वेगळी

मग मला प्रश्न पडला. पळता पळता मारायची ही सवय लागली कुठून मला? बसून विचार केला आणि गुन्हेगार सापडला. क्वेक!

हॉस्टेलमध्ये १.६ च्या जोडीने आम्ही क्वेक थ्री खेळायचो. १९९९ च्या शेवटी आलेला तो गेम. तिथे माणूस सेकंदाला ३२० युनिट पळतो, आणि उड्या मारत विशिष्ट कोनात वळत राहिलं तर त्याहून कितीतरी जास्त. ही स्ट्रेफ-जंपिंगची भानगड खरं तर हिशेबातली गफलत. गेम तुमचा एकूण वेग अडवत नाही, तुम्ही ज्या दिशेचं बटण दाबलंय त्या दिशेपुरता अडवतो. मधल्या कोनातून वेगाची चोरी करता येते. आणि लोकांना ती चोरीच इतकी आवडली की तोच गेमचा आत्मा होऊन बसला.

क्वेकमध्ये पळताना नेम बिघडत नाही. उलट थांबलात की मेलात. कारण तिथलं लाडकं हत्यार रॉकेट, आणि ते सेकंदाला ९०० युनिट जातं. ९०० युनिट लांबच्या माणसावर रॉकेट सोडलं तर ते पोचेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात तो ३२० युनिट, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या दहापट सरकलेला असतो. म्हणून तिथे माणसावर नेम धरायचाच नसतो. तो पुढच्या सेकंदाला कुठे असेल तिथे धरायचा. समोरच्याचं डोकं वाचायचं, अंग नाही.

म्हणजे बघा, एकाच हॉस्टेलच्या एकाच मशीनवर दोन गेम. एक शिकवतो 'थांबलास तर मेलास', दुसरा शिकवतो 'थांबला नाहीस तर मेलास'. मी पहिला धडा घेऊन दुसऱ्या वर्गाच्या परीक्षेला बसलो होतो. वीस वर्षं!

बाकीच्यांचीही अशीच आपापली चाल. २००७ च्या टीम फोर्ट्रेस टूमध्ये 'स्काउट' नावाचा पोरगा ४०० युनिटने पळतो, पण त्याचा जीव १२५ चा. 'हेवी' नावाचा पैलवान २३० ने डुलत चालतो, जीव ३००. आणि मशीनगन फिरवायला लागला की ११० वर येतो, म्हणजे आपल्या लग्नातल्या वरातीची चाल! पण पैलवानाच्या समोर सरळ पळत गेलात तर चाळण होते. स्काउट जिंकतो तो जवळ जाऊन आडवा पळतो म्हणून.

जवळ का? हाही मजेशीर मुद्दा. स्टेशनवर थ्रू गाडी जाताना प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे राहा (पिवळ्या रेषेच्या मागे, प्लीज) आणि एका खिडकीवर नजर ठेवायचा प्रयत्न करा. मान मोडेल. तीच गाडी लांब खाडीच्या पुलावरून जाताना बघा, नजर आरामात तिच्यासोबत जाते. वेग तोच! सेकंदाला साडेपाच मीटर आडवं पळणारा माणूस पाच मीटरवर असेल तर तुम्हाला माउस सेकंदाला साठ अंशांहून जास्त फिरवावा लागतो. तोच पंचवीस मीटरवर असेल तर जेमतेम बारा-तेरा अंश. म्हणून वेगवान माणसाने जवळ भिडावं आणि संथ माणसाने लांबून मारावं, हे जवळपास प्रत्येक गेममध्ये खरं ठरतं.

आणि पळणं म्हणजे फक्त मारणं नाही, सटकणंही. २००१ च्या पहिल्या हेलोमध्ये जोरात पळायचं बटणच नव्हतं. भांडण सुरू झालं की ते संपवायलाच लागायचं. २०१० च्या रीचमध्ये पळणं हे निवडण्याचं एक साधन म्हणून आलं, २०१२ च्या हेलो ४ मध्ये सगळ्यांनाच मिळालं, आणि जुने खेळाडू भडकले. हरत आलेला माणूस पळून जातो, शील्ड भरून परत येतो, हे काय खेळणं झालं? मग २०१५ च्या हेलो ५ मध्ये पळत असताना शील्ड भरणंच थांबवलं. पळायचं तर पळ, पण त्याची किंमत मोज! कॉल ऑफ ड्यूटीत ही किंमत वेगळ्या तऱ्हेने वसूल होते. धावताना बंदूक खाली असते, ती वर येऊन गोळी सुटायला क्षणभर लागतो. कोपऱ्यावरून धावत आलेला भिडू त्या क्षणात जातो.

'मी तर आधी मारलं होतं!'

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, अहो, पण घरून ऑनलाइन खेळताना धावत येणाराच जिंकतो, त्याचं काय? बरोबर आहे तुमचं. त्याला म्हणतात 'पीकर्स अॅडव्हांटेज'. पीकर म्हणजे कोपऱ्यावरून डोकावणारा.

समजा मी एका जागी नेम लावून बसलोय आणि तुम्ही कोपऱ्यावरून बाहेर आलात. मी स्थिर आहे, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर मी लगेच दिसतो. पण तुमचं हलणं तुमच्या घरून सर्व्हरला, सर्व्हरवरून माझ्या घरी असा प्रवास करून मला दिसतं. हा सगळा उशीर समजा एक दशांश सेकंद. २१५ युनिटच्या वेगाने तेवढ्यात तुम्ही २१ युनिट बाहेर आलेले असता. गेममधला माणूस ३२ युनिट रुंद. म्हणजे मला तुमचा खांदा दिसत असतो, तेव्हा प्रत्यक्षात तुमचं दोन तृतीयांश अंग बाहेर येऊन माझ्यावर नेम धरत असतं! वेग निम्मा केला तर हा फायदाही निम्मा होतो. उशीर गुणिले वेग, बस्स. एवढंच गणित आहे.

म्हणूनच डोकं लावून खेळायच्या गेममध्ये माणसं फार पळवत नाहीत. २०२० मध्ये व्हॅलरंट आला तेव्हा रायटने सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतील असे ठेवले आणि ७० टक्के खेळाडूंना ३५ मिलिसेकंदांच्या आत पिंग मिळावा, असं ध्येय जाहीर केलं. आपल्याकडे मुंबईत सर्व्हर असणं म्हणूनच महत्त्वाचं. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळलेल्यांना विचारा, कोपऱ्याआड लपल्यावर मरण्याचं दुःख काय असतं ते!

पण आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये सगळी मशीन्स एकाच स्विचला जोडलेली. उशीर नावापुरता. तेव्हा तोही बहाणा मला उरला नाही.

सॉरी म्हणायला किती सेकंद लागतात?

डेमो संपला. चहा केव्हाच गार झाला होता. बायको मागे येऊन उभी होती.

"काय निघालं?"

"चीटिंग नाही. मीच गाढव आहे."

"मग त्याला सांगितलंस?"

"सोमवारी सांगतो. बाजूला घेऊन."

"बाजूला घेऊन?" ती म्हणाली. "बोललास तेव्हा बाजूला घेतलं होतंस का?"

आता यावर काय बोलणार? रविवारची झोप गेली ती वेगळीच.

सोमवारी स्टँडअप संपल्यावर मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. प्रोजेक्टर लावला. डेमोचा तो तुकडा त्याच्या डोळ्यांनी दाखवला, मग माझ्या. माझी धाड धाड पावलं सगळ्यांनी ऐकली. माझ्या गोळ्यांची वरात सगळ्यांनी बघितली. म्हटलं, "गुरुवारी मी याला सगळ्यांदेखत चीटर म्हणालो. तो चीटर नाही, तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. आणि त्याच्या कोडवरचे जोक पण आता बंद. चूक माझी होती. सॉरी, यार."

रूममध्ये एकदम शांतता. तो मान खाली घालून उभा. मला वाटलं, झालं, अजून अवघडवलं मी याला. मग तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही पळता पळता मारता."

"१.६ ची सवय रे," मी म्हटलं. "तिथे चालायचं."

"नाही सर. तिथेही नाही चालायचं."

"पण मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना मारायचो!"

"तेपण पळत असतील सर."

आता मात्र अख्खी रूम फुटली. आणि पहिल्यांदाच तो त्यांच्याबरोबर हसला.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी माझं ताट घेऊन त्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेलो. तेव्हा कळलं. गावात एकच गेमिंग कॅफे होता. मशीन जुनी, पिंग दीडशे, पडदा अडखळत चालायचा. "कोपऱ्यावरून पटकन येऊन मारायला जावं तर चित्रच अडकायचं सर," तो म्हणाला. "मग ऐकायला शिकलो. आवाज आला की थांबायचं. थांबून एकच गोळी मारायची." तासाचे पैसे मोजून खेळायचा. एक तास मित्राच्या खांद्यावरून बघायचा आणि एक तास खेळायचा. आणि मी त्याच्या या कमाईला सोळा माणसांसमोर चोरी म्हणालो होतो.

त्याने पेपर नॅपकिनवर मला चार गोष्टी लिहून दिल्या. तुमच्याही उपयोगाच्या आहेत, म्हणून देतोय:

१. लांब जायचंय तर सुरी काढा. शत्रू जवळ असेल तर बंदूक काढा आणि शिफ्ट दाबा.

२. कोपऱ्याला चिकटू नका. जागा असेल तितकं मागे सरका.

३. उलटं बटण, थांबा, मग गोळी. एक-दोन गोळ्या मारा, पुन्हा हला. रिकाम्या मॅपवर भिंतीसमोर रोज दहा मिनिटं.

४. गोळी लागली की तुमचा वेग आपोआप कमी होतो. त्या वेळी पळायला जाऊ नका, उभे राहून उत्तर द्या.

चौथ्या नियमाखाली त्याने रेघ मारली होती. का मारली ते मी विचारलं नाही.

नॅपकिन आता माझ्या मॉनिटरच्या खाली चिकटवलाय. रोज रात्री दहा मिनिटं भिंतीसमोर डावं-उजवं करतो. बायको म्हणते, निदान या वेळी भिंत तरी जिंकत नाहीये.

पुढच्या टूर्नामेंटच्या शीटवर त्याचं नाव लगेच आलं नाही. मी विचारलंही नाही, मुकाट्याने वाट बघितली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आलं. माझ्या विरुद्धच्या टीममध्ये!

गुरुवार. साडेआठ. डस्ट टू. मी सुरी घेऊन धावलो, बोगद्याच्या आत एके काढली, शिफ्ट दाबली आणि मांजरीसारखा गेलो. तोंडाशी भिंत सोडली. बाहेर आलो, उलटं बटण मारलं, थांबलो. आणि या वेळी तो मला दिसला! दोन गोळ्या मारल्या. मग त्याने मारल्या.

मेलो. अर्थातच.

पण राउंड संपल्यावर स्क्रीनवर हिशेब आला: त्याचं नाव, दोन गोळ्या, ५४ डॅमेज. टेबलाच्या पलीकडून त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला.

"दादा, थांबला होतात तुम्ही," तो म्हणाला.